बॉइलच्या खांद्यामागचा पंप

शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलच्या कोरीव चित्रात आधी दिसतात ते खांद्यावर रुळणारे कुरळे केस. मग गळ्याशी पांढरी पट्टी आणि शांत, जरासे थकलेले डोळे. विल्यम फेथॉर्नने 1664 साली हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. अगदी जवळून पाहिलं की गालावरची सावली विरघळते आणि उरतात नुसत्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या, कुठे दाट, कुठे विरळ. शिवाय सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटणार. आपल्याकडच्या कारागिरांनाही ही विद्या साधली होती. 1805 साली मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली, ती अशीच तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून.

माझा जीव मात्र जडला आहे तो बॉइलच्या मागे दिसणाऱ्या यंत्रावर. वर काचेचा मोठा गोल, खाली पितळी नळकांडं, त्यात दट्ट्या, आणि तो खालीवर करायला दातेरी पट्टी व हातानं फिरवायचा दांडा. हा हवा काढून घेणारा पंप. 1659 च्या सुमारास तो बॉइलचा मदतनीस रॉबर्ट हूक याच्या हातून सिद्ध झाला, आणि चित्रात तो यावा म्हणून खटपट केली तीही हूकनेच. बॉइल आयर्लंडमधल्या बड्या जमीनदाराचा, अर्ल ऑफ कॉर्कचा मुलगा. अशा घरातल्या माणसामागे वाडा किंवा घोडा शोभला असता. तिथे यंत्र आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या काचेच्या गोलात बॉइलने मेणबत्ती विझताना पाहिली, चंडोल पक्षी तडफडताना पाहिला. 1660 साली हे प्रयोग छापून आले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द स्केप्टिकल किमिस्ट’मध्ये त्याने पृथ्वी, आप, तेज, वायू या चार तत्त्वांनाच आव्हान दिलं. आणि 1662 साली त्याने दाखवून दिलं की तापमान तेच ठेवून हवेवरचा दाब दुप्पट केला, तर तिचं आकारमान निम्मं होतं.

हे सगळं लंडन-ऑक्सफर्डचं, आमच्या नगरच्या सावेडीत त्याचं काय, असं कुणी म्हणेल. पण आपलं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. मुंबईत वायुभारमापकातला पारा 760 मिलिमीटरच्या आसपास उभा राहतो; इथे तो सातशेच्या जरा वर थांबतो. भिस्तबागेकडून मनमाड रस्त्याला लागणारी आपण सगळी माणसं मुंबईकरांपेक्षा थोडी हलकी हवा डोक्यावर घेऊन चालतो. हवेच्या या भाराची मर्यादा आमच्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. पाणी खोल गेलं की काठावरची मोटर पाणी ओढत नाही, ती विहिरीत खाली उतरवावी लागते. पाणी मोटर ओढत नसते. बाहेरची हवा ते वर ढकलते. समुद्रकाठी ती फार तर दहा मीटरपर्यंत ढकलेल, इथे त्याहून कमी, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटर मिळाले तरी पुष्कळ.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातल्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्र मराठीत आणलं. हे विज्ञान शिकण्यातली भाषेची अडचण तेव्हाच सुटली. हाताची मात्र अजून सुटलेली नाही. शाळेत शास्त्रज्ञांच्या तसबिरी भिंतीवर असतात, नुसते चेहरे. उपकरणं कुलूपबंद कपाटात. मुलं नियम घडाघडा म्हणतात, पण बोटानं तोंड बंद केलेल्या पिचकारीचा दट्ट्या दाबून हवेचा उलटा रेटा त्यांनी अनुभवलेला नसतो. विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: वर्गात बॉइल लावायचाच, तर फेथॉर्नचा लावा, पंपासकट. आणि त्याच दिवशी कपाटाचं कुलूप काढा.