हाताशी ठेवायचे ते

आपल्याकडील प्रवासवर्णनांत प्रस्थानाला जितकी पाने मिळतात, तितकी ती परतीला किंवा शेवटाला मिळत नाहीत. निघण्याची तयारी, बंदरावरचा निरोप, पहिले वादळ, पहिले परके शहर हे सारे तपशिलाने येते. प्रवास संपताना मात्र लेखक घाईत असतो. लांबच्या सागरी सफरीचे शेवटचे तीन-चार दिवस स्वतः पाहिल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की, प्रवासातले शिकण्यासारखे बरेचसे याच दिवसांत दडलेले असते. जहाज धक्क्याला लागण्याच्या पुष्कळ आधी माणसे मनाने उतरू लागतात, आणि कोण कसा उतरतो यावरून तो कसा राहिला हेही कळते.

हा योग आमच्या वाट्याला 2023 च्या नोव्हेंबरात आला. तिगाव हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे लहानसे स्थानक. समुद्र आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातून आणि मुंबईच्या दोन-चार फेऱ्यांतून ठाऊक. मुलगा आणि सून फ्लोरिडात राहतात. युरोपात उन्हाळाभर फिरणारी मोठी पर्यटन-जहाजे हिवाळ्याच्या तोंडावर अटलांटिक ओलांडून कॅरिबियन समुद्राकडे जातात; जहाजाला जायचेच असते, म्हणून या ओलांडणीचे भाडे दिवसाच्या हिशेबाने बरेच उतरते. मुलाने हे हेरून आम्हा चौघांची तिकिटे काढली. आंबिया बहाराची बाग झाडावरच व्यापाऱ्याला दिली, घराच्या किल्ल्या घेतल्या आणि आम्ही निघालो. पारपत्रावर आमचा जिल्हा छिंदवाडा होता; प्रत्यक्षात 5 ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा आणि सौसर मिळून पांढुर्णा जिल्हा झाला होता. घर जागेवर असूनही पत्ता बदलतो, ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही.

बार्सिलोनाहून निघून टेनेरिफ बेटाला वळसा घातल्यानंतर नऊ दिवस जमिनीचे नाव नव्हते. याच कॅनरी बेटांतल्या ला गोमेरावरून 6 सप्टेंबर 1492 रोजी कोलंबस निघाला होता आणि 12 ऑक्टोबरला त्याला किनारा दिसला होता. त्याचे पाच आठवडे आमच्या नऊ दिवसांत मावले. जहाज पश्चिमेकडे जात असल्यामुळे दर एक-दोन रात्रींनी घड्याळ तासभर मागे घ्यावे लागे. स्पेन ते फ्लोरिडा असे एकूण सहा तास मिळाले. पंचवीस तासांचा दिवस ही चैन शेतकऱ्याच्या आणि शिक्षकाच्या आयुष्यात कधी येत नाही. 12 तारखेचे लक्ष्मीपूजन भर समुद्रात झाले. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही; पत्नीने सेलवर चालणाऱ्या दोन पणत्या सामानातून काढल्या, त्या लावल्या आणि हात जोडले.

पहिले पाच-सहा दिवस सगळे जण जणू कायमचे राहायला आल्यासारखे वागतात. डेकवरच्या कोणत्या खुर्चीवर कोण बसणार हे ठरून जाते. रात्रीच्या जेवणाचे मेज ठरलेले, सोबती ठरलेले. आमच्या मेजावर यॉर्कशायरचा एक निवृत्त आगगाडीचालक आणि त्याची पत्नी होती. तिगावला रुळांजवळ वाढलेल्या माझी आणि त्याची गट्टी जमायला वेळ लागला नाही. जुन्या कोळशाच्या इंजिनांविषयी तो बोलू लागला की त्याची पत्नी हसून दुसरीकडे पाही, आणि तेच करताना मी माझ्या पत्नीलाही पकडले.

मग सोळा तारखेच्या सुमारास काहीतरी बदलले. प्रथम समुद्रच बदलला. पाण्यावर पिवळसर तपकिरी शेवाळाचे, सारगॅसमचे, लांबच लांब पट्टे वाऱ्याच्या दिशेने पसरलेले दिसू लागले. इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या क्षितिजावर मालवाहू जहाजे उमटू लागली. लोक दूरध्वनी हातात घेऊन डेकच्या टोकाशी उभे राहत, कुठून संकेत येतो का ते पाहत. गप्पांचा काळ बदलला. आदल्या दिवसापर्यंत ‘उद्या नाश्त्याला भेटू’ म्हणणारी माणसे विमानाच्या वेळा विचारू लागली. दुकानांतून उरल्यासुरल्या मालावर सवलतीच्या पाट्या लागल्या. जहाजाचे बिल छापून केबिनच्या दाराखालून सरकवण्यात आले, आणि ज्यांनी दहा दिवस एकमेकांना दारे उघडून धरली होती, ती माणसे हिशेब तपासायला रांगेत उभी राहून किंचित चिडचिड करू लागली. कोणी वाईट वागत होते असे नाही. ज्याचा त्याचा जीव पुढच्या जागी जाऊन बसला होता, एवढेच.

आमच्या चौघांतही एक गोष्ट टेनेरिफपासून अर्धवट राहिली होती. मुलाने तिथे विचारले होते, “बाबा, आता तुम्ही दोघे आमच्याकडेच का राहत नाही? बाग कोण बघणार आहे पुढे?” त्याच्या प्रश्नात हट्ट नव्हता, काळजी होती. माझे वय त्र्याहत्तर, पत्नीचे एकोणसत्तर. जवळचे मोठे रुग्णालय नागपूरला. मी म्हटले होते, “उतरण्याआधी सांगतो.” समुद्रावर नऊ दिवस मिळणार होते, म्हणून हे म्हणणे सोपे गेले. सफर संपत आली तसा तो प्रश्न आमच्या मेजावर पाचव्या माणसासारखा येऊन बसू लागला.

त्याला उत्तर देताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घराण्याची गोष्ट येत होती. आपल्यापैकी अनेकांची ती तशीच असेल. नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत कोणी मूळ पुरुष वाईकडून इकडे आला, कारकुनीवर राहिला. 1854 मध्ये राज्य खालसा झाले, चाकरी गेली, माणसे राहिली. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तेव्हाही माणसे जागची हलली नाहीत. घरात एक मोडी दप्तर आहे, त्यात परत जाण्याचा उल्लेख दोनदा येतो. गेले कोणीच नाही. मूळ गावी मी तरुणपणी एकदा गेलो होतो. आमचे आडनाव तिथे कोणाला आठवत नव्हते. मुलाने आता जे मागितले, ते त्या मूळ पुरुषाने केलेच होते. मग मला कोणत्या तोंडाने नाही म्हणता येणार होते?

सतरा तारखेला सूचना आली की, अमेरिकेच्या भूमीवर कोणतेही ताजे फळ नेता येणार नाही. केबिनमधली फळे खाऊन संपवावीत किंवा तिथेच ठेवावीत. अनेकांना हा जाच वाटला, मला वाटला नाही. फ्लोरिडात 2005 मध्ये ग्रीनिंगचा रोग आढळला. सिला नावाची बारीकशी कीड तो पसरवते. 2003-04 च्या हंगामात तिथे सुमारे 24 कोटी पेट्या संत्री निघाली होती. 2024-25 मध्ये ती जेमतेम सव्वा कोटीवर आली. आमच्याकडे डिंक्या आणि कोळशीशी झगडताना पन्नास वर्षे गेली, म्हणून या आकड्यांमागची माणसे मला दिसतात. बुफेतून आणलेले एक संत्रे आम्ही दोघांनी वाटून खाल्ले. साल जाड, रस गोड, आंबटपणा नावाला नाही. पत्नी म्हणाली, “आपल्या संत्र्याला निदान मत असतं.”

शेवटच्या रात्रीचा एक नियम आहे. मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठ्या बांधून त्या रात्री दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या. रातोरात त्या खाली जातात आणि सकाळी बंदराच्या दालनात त्या त्या रंगाखाली रांगेने मिळतात. सकाळपर्यंत लागेल तेवढेच एका पिशवीत हाताशी ठेवायचे: औषधे, पारपत्र, चष्मा, एक कपड्यांचा जोड. ऐकायला सोपे वाटते. पण दोन आठवड्यांच्या पसाऱ्यातून काय हाताशी ठेवायचे हे ठरवताना भल्याभल्यांची त्रेधा उडते. शेजारच्या केबिनमधल्या गृहस्थांनी बूट बॅगेत घालून बॅग बाहेर दिली आणि सकाळी ते सपातांवर अमेरिकेत उतरले.

या नियमाने मला विष्णुभट गोडशांची आठवण झाली. पेणजवळच्या वरसईहून दक्षिणा मिळवायला ते 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा पाहिला, मिळवलेला पैसा लुटला गेला. घरी परतताना त्यांच्यापाशी उरली ती गंगेची कावड. 1907 मध्ये छापून आलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये हे सारे आहे. सगळे सामान गेले तरी खांद्यावरचे पाणी त्यांनी आईवडिलांपर्यंत आणले. हाताशी काय ठेवायचे हे त्यांना नक्की ठाऊक होते.

अठराच्या रात्री पत्नीने पिशवी भरली. तीत औषधांच्या पट्ट्या होत्या, पारपत्रे होती आणि तिगावच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता. मी म्हटले, “किल्ल्या मोठ्या बॅगेत टाकायच्या होत्या. त्या उद्या कुठे लागणार आहेत?” ती म्हणाली, “लागणार नाहीत. पण हरवल्या तर चालणार नाहीत.” थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, तिने पुढचे सांगितले, “दोघं आहोत तोवर तिगाव. एक उरला की त्यानं हट्ट करायचा नाही. मुलाला असंच सांगा.” जहाज त्या रात्री अजिबात हलत नव्हते. आम्ही दोघेही पुष्कळ वेळ जागे होतो.

अशा वेळी आनंदीबाई जोशी आठवल्याशिवाय राहत नाहीत. 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून एकटी निघालेली अठरा वर्षांची मुलगी 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गोपाळरावांसह मुंबईला उतरली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातली जागा तिची वाट पाहत होती. सोबत क्षय होता. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात सारे संपले. परतीच्या जहाजावर, किनारा जवळ येत असताना, तिने काय हाताशी ठेवले असेल? पदवीचा कागद की केवळ घरी पोहोचण्याची इच्छा? मात्र ती पोहोचली, आणि आपल्या माणसांत गेली. प्रत्येकाच्या नशिबी तेवढेही नसते.

आमच्या केबिनची व्यवस्था वेंगुर्ल्याकडचा एक तरुण पाहत असे. मराठी ऐकून तो पहिल्या दिवसापासून आम्हाला काका-काकू म्हणे. शेवटच्या रात्री त्याची कामे दुप्पट असतात. सकाळी आम्ही उतरलो की दुपारी त्याच बिछान्यांवर नवे प्रवासी येणार. मी त्याला विचारले, “सफर संपताना तुला काही वाटतं का रे?” तो चादर ताणता ताणता म्हणाला, “काका, आता इथून पुढे आमची सफर दर रविवारी संपते आणि रविवारीच सुरू होते. माझी संपेल ती करार संपल्यावर. शिमग्याला घरी पोहोचलो म्हणजे झालं.” त्याच्या मते जहाजाचा शेवट म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हती. शिमगा मोठा होता. जहाजावरच्या इतक्या माणसांत आपण कुठे जात आहोत हे पक्के ठाऊक असलेला बहुधा तो एकटाच.

एकोणीस तारखेला पहाटे बंदराचा वाटाड्या लहान होडीतून येऊन दोरीच्या शिडीने जहाजावर चढला. दिव्यांची ओळ उजळत गेली आणि उजाडता उजाडता आम्ही धक्क्याला लागलो. आगगाडीचालक आणि त्याची पत्नी यांचा रंग आमच्या आधी पुकारला गेला. त्याने हात हलवला, आणि जिन्यावरच्या गर्दीत दोघे दिसेनासे झाले. नाश्त्याच्या मेजावर मी मुलाला त्याच्या आईचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आणि जो उरेल तो येईल? नक्की?” मी म्हटले, “नक्की.” त्याने आईची पिशवी उचलली.

महिनाभराने आम्ही परत आलो. समुद्राने दिलेले सहा तास, आणि त्याआधी जाताना मिळालेले साडेचार, असे साडेदहा तास विमानाने एका दमात परत घेतले. बाग पुढच्या वर्षापासून अर्धी ठेक्याने दिली, अर्धी आम्ही पाहतो. आपल्या पूर्वजांविषयी आपण नेहमी ‘ते आले’ असे म्हणतो. ते कोठून तरी गेलेही होते, आणि मागे कोणीतरी दाराशी उभे राहून त्यांना हाताशी ठेवण्याजोगे काही बांधून दिले असेल, हे आपल्या बखरींत येत नाही. त्यांनी ते येथवर आणले म्हणून आपण आज मराठीत बोलतो. आता आपली मुले निघाली आहेत. त्यांच्या मोठ्या बॅगा त्यांच्या त्यांनी भराव्यात. हातातल्या पिशवीत काय द्यायचे, तेवढे ठरवणे आपल्याकडे उरले आहे.