अवतरणातला शब्द

नोएडातील एका कचेरीत बसून संगणकभाषांच्या माहितीपुस्तिका लिहिणे हा माझा व्यवसाय. त्यातले सर्वांत सोपे समजले जाणारे प्रकरण ‘स्ट्रिंग लिटरल’चे. पायथॉन भाषेत नुसता लिहिलेला शब्द कशाचे तरी नाव असतो, नाहीतर आज्ञेचा भाग. तोच अवतरणचिन्हांत ठेवला, की निव्वळ शब्द उरतो. याचा अर्थ लावू नकोस, रूप तेवढे जप, असे जणू यंत्राला बजावलेले असते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. सूत्रातला शब्द पारिभाषिक संज्ञा नसेल तर स्वतःच्या रूपाचाच बोध करून देतो, असा दंडक पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात घातला आहे. दुसऱ्याचा बोल कुठे संपला, हे संस्कृतात ‘इति’ सांगे. मराठीत ‘असे’, ‘म्हणून’ हे शब्द सांगत. ते कुंपण बोलके होते. अवतरणचिन्हांचे कुंपण मुके आहे. मजकुरातच तसले चिन्ह आले, तर मजकूर तेथेच संपला असे यंत्र समजते. म्हणून त्याआधी एक उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

पण रूप जपायचे म्हणजे नेमके काय? ‘दिल्ली’ या शब्दात माझ्या कानाला दोन अक्षरे ऐकू येतात. आजची पायथॉन सहा मोजते: द, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्ताचे चिन्ह, पुन्हा ल, दीर्घ वेलांटी. ‘गो’ ही भाषा लांबी सांगते ती बाइटांत: अठरा. याचे मूळ दिल्लीतच, बहादूरशाह जफर मार्गावर सापडते. तेथील भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक स्वीकारले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावरून घेतली. दोन्हींत जोडाक्षर अखंड साठवले जात नाही. त्याचे घटक ओळीने मांडले जातात. थोड्या चिन्हांत सारी जोडाक्षरे मावली, हा त्यातला मोठा लाभ.

परंतु ‘दिल्ली’ तिसऱ्या घटकापाशी तोडली, तर ‘दिल’ उरते. आठ घटकांच्या रकान्यात ‘ज्ञानेश्वर’ हे चार अक्षरी नाव ‘ज्ञानेश्’ असे पाय मोडून उभे राहते. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळलेली असते. माणसाचे नाव मात्र हरवलेले असते.

म्हणून त्या प्रकरणात मी लांबीच्या व्याख्येशेजारी ‘दिल्ली’ हेच उदाहरण देतो. लांबी कशाची मोजली, हे सांगितल्यावाचून शब्द जसाच्या तसा राहतो, असे म्हणता येत नाही.