निशाणी नांगर

२२ नोव्हेंबर २०२३, दौंड
पुतण्याचा फोन. पोराच्या ॲडमिशनला जातीचा दाखला हवाय. सगळीकडे कुणबी नोंदी शोधताहेत, आपलीही बघा म्हणाला. "काका, तुम्ही तसे रिकामेच असता." हिने ऐकलं. हसली.
वंशावळ लागते म्हणे. लिहायला घेतली. मी, वडील, आजोबा, पणजोबा येसू. येसूचा बाप कोण? पेन तिथेच अडलं.

२४ नोव्हेंबर
१३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे. वडिलांचा शाळेचा दाखला आहे, पण त्यात मराठा. गुरुजींनी विचारून लिहिलं की मनाने, कोण जाणे.
गुडघा ठणकतोय.

२८ नोव्हेंबर, शिरूर
चौफुला, पारगावचा पूल, न्हावरा. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एकीलाही मागचा दिवा नाही.
आमचं गाव याच तालुक्यातलं. रेकॉर्ड रूममध्ये जुन्या दप्तराचे रुमाल सोडून बसलेली माणसं. एकेका टेबलाला पाच-सहा जण, प्रत्येकाला आपला आजोबा हवाय. गाव नमुना नंबर १४, सगळे कोतवाल बुक म्हणतात. सगळं मोडीत. मला एक अक्षर लागत नाही. मोडी वाचणारे एक निवृत्त सर आहेत. पूर्वी मोडीचे वर्ग फुकट घ्यायचे, तरी कोणी फिरकत नसे. आता त्यांच्याकडे नंबर लावावा लागतो.
मामेभावाकडे मुक्काम.

२९ नोव्हेंबर, शिरूर
सरांनी पान कसं वाचायचं ते दाखवलं. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव नाही, कारण बारसं व्हायच्या आधीच कोतवाल वर्दी देऊन मोकळा. आईचं नाव तर नाहीच. येसूला एकाहून जास्त मुलगे झाले. त्यातले आमचे आजोबा कुठले?
जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे केले. घोडनदीला, म्हणजे इथेच शिरूरला, इंग्रजांची छावणी होती, त्यांची दफनभूमी अजून आहे. कर्नल वॉलेस, ७४ वी हायलँडर पलटण, असईच्या लढाईतला. १८०९ मध्ये इथे वारला. जुन्या पुणे गॅझेटिअरात लिहिलंय की आसपासचे लोक त्याला सत्पुरुष म्हणत आणि नवं धान्य आलं की त्याच्या थडग्याला नैवेद्य दाखवत. स्कॉटिश पलटणीच्या साहेबाला आपली बाजरी!
मामेभावाचा मुलगा एडिंबराला शिकून आला. तिथले लोक सुट्टी टाकून आपलं कुळ शोधतात म्हणाला. चर्चच्या वह्या आहेत, सर्वांत जुनी १५५३ ची. १८५५ पासून सरकारी नोंद सक्तीची. बाप्तिस्मा झाला की नाव वहीत. आमचं नाव वहीत यायला शेतसारा नाहीतर कर्ज लागायचं.

५ डिसेंबर, दौंड
सरांचा फोन. सापडलं. १८९५. "येसू, कु., मुलगा." कु. म्हणजे कुणबी.
पुतण्याला कळवलं. "झालं काका, बस!" पुढचं तो बघेल.

६ डिसेंबर
बस कसलं. येसूच्या वर अजून कोणी नाही.

१० डिसेंबर, गावी
आत्याकडे. नव्वदी उलटली, पण जीभ तिखट. "दाखला हवाय तवा आठावली व्हय आत्या?" येसूचं विचारलं, तर एकच गोष्ट. "मपल्या आज्यानं मारवाड्याच्या चोपड्या पेटवल्या. वढ्यात. गाडीभर." लहानपणी ऐकली तेव्हा टोपलीभर होत्या. दुकानदाराचं नाव तिला पाठ आहे, इथे लिहीत नाही. त्याचे वारस गावात आहेत, आमच्या पंगतीला येतात.
तिच्या आज्याचा बाप कोण? "त्ये कुणाला ठावं. राणू का काय."

१४ डिसेंबर, दौंड
लायब्ररीतून दख्खनच्या दंग्यांवरचं पुस्तक आणलं. सुरुवात आमच्याच तालुक्यात, हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. करडे. डिसेंबर १८७४. काळुराम सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडलं. गाव उठलं. सावकारांची हजामत बंद, पाणी बंद, शेत कसणं बंद. मग १२ मे १८७५ ला सुपे. बाजाराचा दिवस. तिथून भीमथडीच्या बाकी गावांत, म्हणजे हल्लीच्या दौंडच्या बाजूला, आणि शिरूर, नगरकडे. माणसांना फारसा हात लावला नाही. मागणी एकच, खतं द्या, रोखे द्या. दिले की जाळले. नाही दिले तर घर. पुणे-नगर मिळून ९५१ जण धरले, ५०१ जणांना शिक्षा. येसू त्यांत होता का? असता तर आत्याने सोडलं नसतं.

१८ डिसेंबर
चंपाषष्ठी. भरीत, रोडगे. तळी भरली. येळकोट म्हणायला कागद लागत नाही.

२३ डिसेंबर
झोप नाही.
खतात काय लिहीत? "अमुक बिन तमुक, वस्ती मौजे अमुक." बापाचं नाव घातल्याशिवाय सावकार पैसे सोडत नसे. बाप मेला की मुलाच्या नावावर नवं खत, व्याजासकट. तीन-तीन पिढ्या एका चोपडीत, ओळीने.
ओढ्यात.

१ जानेवारी २०२४
कोरेगाव भीमाला गर्दी, नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली. शिरूरला जायचं होतं, रद्द.

९ जानेवारी, नाशिक
गोदाकाठी उपाध्यांची गल्ली. पहिल्याच ओट्यावर विचारलं, "तालुका? गाव? आडनाव?" तिसऱ्या घरी आमचं गाव निघालं. लांबट बाड, काठ कुरतडलेले, उघडताना अंगठ्याला तपकिरी भुकटी. उपाध्ये मोडी सरळ वर्तमानपत्रासारखं वाचतात.
येसू आला होता, आईच्या अस्थी घेऊन. म्हणजे आईचं नाव आहे! भागीरथी. बाप राणू, आत्या बरोबर होती. राणूचा बाप सुभाना. आणि येसूचा भाऊ म्हादू, "हल्ली मुक्काम धोंड".
धोंड म्हणजे आमचं दौंड. दोनदा वाचून घेतलं.
दौंड-मनमाड लाइन १८७८ ची. मातीकामाला गेला असणार. घरात आजवर समज असा, की गाव सोडून रेल्वेत पोट भरायला निघालेला पहिला मीच.
खाली आमची माहिती लिहायची पद्धत आहे. मुलाचं, सुनेचं, नातींचं नाव घातलं. उपाध्ये म्हणाले, "मुलीसुद्धा?" म्हटलं, लिहा. दक्षिणा त्यांनी ठरवली, मी थोडी घासाघीस केली.

१५ जानेवारी, दौंड
संक्रांत. तीळ महाग. गुडघा बरा.

२१ जानेवारी
आमच्याच आडनावाचा एक ट्रॅकमन माझ्या हाताखाली होता. चेष्टेत त्याला भाऊबंद म्हणायचो. आज त्याच्या घरी गेलो. बिचारा गेला गेल्या साली. मुलाने देवक सांगितलं. तेच. कुलदैवत जेजुरी, ते तर निम्म्या जिल्ह्याचं. पणजोबाचं नाव विचारलं.
म्हादू.
चहा दोनदा झाला.

२२ जानेवारी
त्याच्या आईने पत्र्याची पेटी काढली. लग्नपत्रिका, पीएफची कागदं, तळाशी घडीवर फाटलेला स्टँप. मोडी. मोबाइलवर फोटो काढून सरांना पाठवला.

२५ जानेवारी
सरांनी उतरवून पाठवलं. कर्जरोखा आहे, १८८६ चा. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचं खत ग्रामनिबंधकासमोर करावं लागे, तसं केलेलं. "येसू बिन राणू बिन सुभाना" आणि "म्हादू बिन राणू", जात कुणबी, बैलजोडीसाठी साठ रुपये, विहिरीकडची जमीन गहाण. देणारा आत्या सांगते तोच दुकानदार.
म्हणजे अकरा वर्षांत येसू पुन्हा त्याच्याच ओट्यावर.
मागच्या बाजूला फेड लिहिलीय, हप्त्याहप्त्याने. फेडलं म्हणून खत परत मिळालं, म्हणून पेटीत राहिलं. आणि सहीच्या जागी शाईने काढलेला नांगर. फाळ, रुमणं, जू, चार रेघांत. शेजारी लिहिणाऱ्याने लिहिलंय "निशाणी नांगर". म्हादूचाही नांगर, जरा वाकडा. रुळांवर गेलेल्या माणसानेही नांगरच काढला.

२८ जानेवारी, गावी
आत्याला राणू, सुभाना, भागीरथी सांगितली. खूश. म्हादूचं ऐकून म्हणाली, त्या पोरांना जत्रेला घेऊन ये.
खताचं बोललो नाही. ती पुन्हा चोपड्यांची गोष्ट सांगत होती. आता दोन गाड्या.

३ फेब्रुवारी, दौंड
पुतण्याला सगळे फोटो पाठवले. दाखल्याचं काम मार्गी आहे म्हणाला. तासाभराने परत फोन.
"काका, ती विहिरीकडची जमीन. आज तिचा गट नंबर कुठला?"
सांगितलं, कर्ज फिटलंय, जमीन सुटली तेव्हाच.
"सुटली ना? मग आपल्या सातबाऱ्यावर का नाही?"
उत्तर नव्हतं. सोमवारी तलाठ्याकडे जाऊ म्हणतोय. जुने फेरफार काढायचे. म्हादूच्या पणतवालाही बोलवा म्हणतो, हिस्सा त्याचाही निघेल.
ही म्हणाली, झालं, आता भावकी खरी सुरू झाली.