आमचा पेपर टाकण्याचा धंदा

“म्हणजे तू दिवसभर फेसबुक बघतोस, आणि त्याचा पगार देतात?” हा आमच्या मातोश्रींचा प्रश्न. पुण्यात इंजिनियरिंग, इथे वॉटर्लूला मास्टर्स, मग सॉफ्टवेअर करता करता टोरोंटोतल्या एका वर्तमानपत्रात ‘सोशल मीडिया स्ट्रॅटेजिस्ट’! शेवटी आम्ही सांगितलं, “आई, पहाटे आपल्याकडे पेपर टाकायला पोऱ्या यायचा ना? तोच मी. फक्त सायकल नाही.” त्यांना पटलं. आनंद झाला असं मात्र दिसलं नाही.

पण काम खरंच तेच. बातमीदार लिहितो; ती कोणाच्या दारात, किती वाजता, कुठल्या मथळ्याने पडावी ते आम्ही बघतो. बर्फामुळे शाळा बंद असेल तर ते पहाटे साडेपाचलाच कळलं पाहिजे. मथळा चटपटीत केला तर बातमीदार खवळतात, नाही केला तर कोणी वाचत नाही. त्यात आम्ही पडलो इंजिनियर. आलेख मांडून संपादकीणबाईंना पटवून दिलं, की ते ईमेलचं वार्तापत्र वगैरे आता जुनं झालं, सगळा जोर फेसबुकवर लावू. पटवण्यात आम्ही हुशार!

मग आलं २०२३. जूनमध्ये कॅनडात ऑनलाइन न्यूज ॲक्ट मंजूर झाला. बातम्यांबद्दल मोठ्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा, असा कायदा. मेटाने पैसे देण्याऐवजी १ ऑगस्टपासून कॅनडात फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या बातम्याच बंद करायला घेतल्या. बरोबर कोण, यावर आमच्या घरी दोनदा जेवणं थंड झाली. ते असो. काही दिवसांत आमचं पान कोरं झालं.

आणि १६ ऑगस्टला वणव्यामुळे उत्तरेतलं येलोनाइफ रिकामं करण्याचा हुकूम निघाला. सुमारे २०,००० माणसं, मुदत शुक्रवार दुपारपर्यंत. फेसबुकवर बातमी टाकता येईना, म्हणून लोक बातम्यांचे स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवत होते. त्यावर वेळ नसली की सकाळची बातमी रात्रीसुद्धा ‘ताजी’.

त्या रात्री कचेरीत एका बाईंचा फोन आला. मुलगा तिथे अडकलेला. “तुमच्या पानावर काहीच कसं नाही हो?” कायद्याचं पुराण त्यांना काय सांगणार? आम्ही बातमी फोनवरच वाचून दाखवली. रस्ता कुठला उघडा, नाव कुठे नोंदवायचं. त्यांनी ती लिहून घेतली आणि म्हणाल्या, “परत एकदा वाचा, सावकाश.” परत वाचली. इतक्या वर्षांत आमचा ‘वाचक’ आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी संपादकीणबाईंकडे गेलो आणि वार्तापत्र पुन्हा सुरू करू म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ते रोज सकाळी सहाला निघतं. मंडळातल्या चार घरांनीही नाव नोंदवलंय. त्यातली दोन घरं ते उघडतसुद्धा नाहीत. आम्हाला दिसतं हं!