यादीतलं नाव

नोव्हेंबर २०२० मध्ये हाँगकाँगच्या तेव्हाच्या चीफ एक्झिक्युटिव्ह कॅरी लाम यांनी एका टीव्ही मुलाखतीत सांगितलं, की माझ्या घरात रोख रकमेचे ढीग साठलेत. लाच खाऊन नव्हे हो! वर्षाला सुमारे ५२ लाख हाँगकाँग डॉलर पगार असलेल्या या बाईंना एकही बँक दारात उभी करत नव्हती, म्हणून सरकार त्यांना पगार नोटांमध्ये देत होतं. जगातल्या मोजक्या बँकिंग राजधान्यांपैकी एक शहर, त्याची ही प्रमुख, आणि तिला साधं सॅलरी अकाउंट नाही. आपल्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी एचआरवाले फॉर्म भरायला लावून जे गळ्यात मारतात, ते!

झालं होतं असं, की ७ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेने लाम यांच्यासकट ११ अधिकाऱ्यांवर निर्बंध लावले. कारण दिलं, हाँगकाँगची स्वायत्तता आणि तिथल्या लोकांची स्वातंत्र्यं चिरडल्याचं.

ही बातमी मी जरा जास्तच चवीने वाचली, कारण माझं पोट याच यादीवर चालतं. पुण्यात बसून आम्ही बँकांसाठी जे सॉफ्टवेअर लिहितो, त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं. पैसे पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव निर्बंधांच्या यादीत आहे का, ते बघायचं. असलं तर व्यवहार थांबवायचा. बस्स. अमेरिकेच्या अर्थखात्याची ही यादी कुणालाही डाउनलोड करता येते. हजारो नावं. त्यात अमली पदार्थांचे व्यापारी आहेत, अतिरेकी आहेत, जहाजं आहेत, आणि गेल्या काही वर्षांत स्वतःच्याच जनतेचा छळ करणारे मंत्री, पोलीसप्रमुख आणि न्यायाधीशही आहेत.

या शेवटच्या प्रकाराची सुरुवात एका माणसाच्या मरणातून झाली. सेर्गेई मॅग्निट्स्की हा मॉस्कोतला कर सल्लागार. सरकारी तिजोरीतून सुमारे २३ कोटी डॉलरचा कर परतावा लाटला गेल्याचं त्याने उघडकीला आणलं, आणि तुरुंगात गेला तोच. १६ नोव्हेंबर २००९ रोजी तो तिथेच मेला, वयाच्या ३७ व्या वर्षी. त्याचा अशील बिल ब्राउडर याने मग वॉशिंग्टनमध्ये इतका पिच्छा पुरवला, की डिसेंबर २०१२ मध्ये त्याच्या नावाचा कायदाच झाला. आधी फक्त रशियासाठी, आणि २०१६ पासून सगळ्या जगासाठी. कल्पना साधी आहे. अख्ख्या देशाची नाकेबंदी केली की औषधावाचून मरतात ते सामान्य लोक, हे १९९० च्या दशकात इराकमध्ये सगळ्यांनी बघितलं होतं. त्यापेक्षा ज्याने गुन्हा केला त्याचंच खातं गोठवा, त्याचाच व्हिसा रद्द करा. मायदेशात लोकांना तुरुंगात टाकायचं आणि सुट्टीला लंडनच्या फ्लॅटवर जायचं, हे चालणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेची यादी हाँगकाँगच्या बँका कशाला पाळतील? तर त्याचं उत्तर डॉलरमध्ये आहे. जगात कुठूनही कुठेही डॉलर पाठवा, तो बहुतेक वेळा न्यूयॉर्कमधल्या कुठल्यातरी बँकेतून फिरून जातो. तो रस्ता बंद झाला तर बँक म्हणून तुमचा कारभार आटोपला. शिवाय जुलै २०२० च्या एका कायद्याने, अशा अधिकाऱ्यांशी मोठे व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांनाच शिक्षा करण्याची तरतूद केली. मग एका ग्राहकापायी कोण विषाची परीक्षा घेणार!

मी २०१९ मध्ये सात महिने हाँगकाँगला होतो, ऑनसाइट. जूनमधले ते अफाट मोर्चे बघितले. नोव्हेंबरमध्ये सेंट्रल भागात जेवणाच्या सुट्टीत टाय लावलेली ऑफिसची मंडळी रस्त्यावर उतरायची, पाच बोटं वर करून पाच मागण्या मागायची, आणि दोनच्या सुमाराला परत आपापल्या क्युबिकलमध्ये. आमच्या टीममधली एक टेस्टर रोज जायची. एरवी इतकी अबोल, की बगसुद्धा ईमेलनेच सांगायची! त्याच महिन्यात जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. ७१ टक्के मतदान, आणि १८ पैकी १७ परिषदा लोकशाहीवाद्यांकडे. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना एग टार्ट वाटले.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. ३० जून २०२० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. पुढच्या जूनमध्ये अॅपल डेली वर्तमानपत्र बंद पडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ४५ लोकशाहीवाद्यांना ४ ते १० वर्षांच्या शिक्षा झाल्या. गुन्हा काय, तर २०२० मध्ये उमेदवार ठरवायला आपल्या बाजूची अनौपचारिक निवडणूक घेतली.

आणि निर्बंध? यादी आली त्याच वेळी चीनचे तिथले प्रतिनिधी लुओ हुईनिंग म्हणाले, की माझी परदेशात मालमत्ताच नाही, हवं तर ट्रम्पना १०० डॉलर पाठवतो, गोठवायला! २०२२ मध्ये लाम पायउतार झाल्या. त्यांच्या जागी कोण आलं? जॉन ली. त्याच ११ जणांतले एक. प्रचाराच्या वेळी गूगलने त्यांचं यूट्यूब चॅनल बंद केलं, एवढाच काय तो अडथळा. म्हणजे यादीत नाव गेलं आणि वर बढतीही मिळाली.

ती टेस्टर २०२१ मध्ये मँचेस्टरला गेली, ब्रिटनने हाँगकाँगकरांसाठी उघडलेल्या विशेष व्हिसावर. कायमचं शहर सोडताना तिथला प्रॉव्हिडंट फंड काढता येतो. पण या व्हिसाच्या मागे जो पासपोर्ट आहे, तो हाँगकाँग सरकार मानत नाही, त्यामुळे तो पुरावा धरून पैसे देत नाहीत. हजारो लोकांचा पीएफ असा अडकलाय, तिचाही. मी तिला गमतीने म्हटलं, बघ, लामबाईंचं खातं तर आम्ही बंद केलं. ती म्हणाली, "त्यांना निदान रोख तरी मिळते."

यावर काय बोलणार?

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. यादीत नाव असतं, माणूस नसतो. एकच चिनी आडनाव कँटोनीजमध्ये 'लाम' आणि मँडरिनमध्ये 'लिन'. 'मोहम्मद' रोमन लिपीत किती प्रकारे लिहितात ते मोजायला बसलात तर चहा गार होईल. म्हणून आम्ही अंदाजे जुळणारी नावंही पकडतो, आणि त्यात भलतेच लोक सापडतात. अमेरिकेत २०११ मध्ये एकजण गाडी घ्यायला गेला, तर शोरूमवाले म्हणाले, तुम्ही अतिरेक्यांच्या यादीत आहात, बायकोच्या नावावर घ्या! ट्रान्सयुनियनने फक्त नाव आणि आडनाव जुळवलं होतं, जन्मतारीख बघितलीच नव्हती. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि असे एकूण ८,१८५ जण निघाले. ट्रान्सयुनियन म्हणजे तीच, जिच्या ताब्यातली कंपनी आपला सिबिल स्कोअर काढते.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. यादी लिहितो कोण? सप्टेंबर २०२० मध्ये त्याच अर्थखात्याने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या तेव्हाच्या मुख्य अभियोक्ता फातू बेन्सुदा यांचं नाव यादीत घातलं, अमेरिकी सैनिकांची चौकशी केली म्हणून. सरकार बदललं, एप्रिल २०२१ मध्ये काढलं. जुलै २०२५ मध्ये मॅग्निट्स्कीच्याच नावाखाली ब्राझीलच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश मोराइस यांच्यावर निर्बंध लावले, डिसेंबरमध्ये उठवले. आपल्यालाही २००५ आठवेल. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना अमेरिकेने व्हिसा नाकारला, आणि २०१४ मध्ये ते पंतप्रधान झाल्यावर त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये स्वागत केलं. तेव्हा बरोबर होतं की नंतर, यावर आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर आजही दोन पक्ष पडतात. चीननेही ऑगस्ट २०२० मध्ये उलट यादी काढली, त्यात सिनेटर मार्को रुबियो होते. जानेवारी २०२५ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा चिनी सरकारी मजकुरात त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर बदललेलं दिसलं, उच्चार जवळजवळ तोच. आम्ही अंदाजे जुळणी शोधायला एवढे अल्गोरिदम लिहितो त्याचं कारण हेच आहे मंडळी :)

मग हे सगळं फुकट आहे का? मला तसं वाटत नाही. निर्बंधांनी लोकशाही परत येत नाही, हे हाँगकाँगने दाखवलं. पण छळ करणाऱ्याला त्याची किंमत कुठेच मोजावी लागू नये, हेही पटत नाही. फरक पडतो तो यादी कशी चालते याने. युरोपीय संघाला नाव घालताना लेखी कारण द्यावं लागतं, ठराविक मुदतीने फेरविचार करावा लागतो, आणि तो माणूस लक्झेंबर्गच्या न्यायालयात दाद मागू शकतो. २००८ मधल्या कादी खटल्यात तिथल्या न्यायाधीशांनी स्पष्टच सांगितलं, की अतिरेकी असल्याचा संशय असला, आणि खातं आधी न कळवता गोठवलं, तरी नंतर त्याला कारणं सांगून बाजू मांडायची संधी द्यावीच लागेल. माझ्या भाषेत सांगायचं तर ज्या डेटाबेसमध्ये इन्सर्ट कुणाच्याही लहरीवर होतो आणि डिलीटही लहरीवरच होतो, त्यावर भरवसा ठेवू नये. तो डेटाबेस माणसांचा असेल तर मुळीच नाही.

पण हे सगळं छळ करणाऱ्यांबद्दल झालं. ज्यांचा छळ झाला त्यांची यादी कुठलंच अर्थखातं काढत नाही. मँचेस्टरला अडकलेला तो पीएफ कुणी सोडवायचा, याला कुठल्याही कायद्यात कलम नाही. तुम्ही कायदा लिहायला बसलात, तर कुठली यादी आधी कराल?