आटपाडीच्या मुशीत नाण्याची किंमत

आटपाडीला रेल्वे नाही. विट्याहून खानापूर, भिवघाट मागे टाकत एसटी माणदेशात शिरते, तसे रान उघडे होत जाते. बाभळी, मेंढरांचे कळप आणि मधूनच डाळिंबाच्या बागा. १९४८ पर्यंत हा मुलूख औंध संस्थानात होता. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. म्हणून आटपाडी, खानापूर, विटा या भागातली माणसे पोटासाठी बाहेर पडली आणि त्यांनी गलाईचा धंदा धरला. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे. आज केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत सराफ बाजारात गलाईवाला भेटला, तर गाव विचारून पाहा. बरेचदा याच पट्ट्यातले नाव ऐकू येते.

माझी खाला आटपाडीत राहते. गेल्या सुट्टीत गेले, तेव्हा तिने पेटीतून तिच्या सासूची हमेल काढली. ज्यांच्या घरी नसेल त्यांच्यासाठी सांगते, हमेल म्हणजे रुपयांना कडी जोडून ओवलेली माळ. हिच्यात नऊ रुपये होते. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती. माळेसोबत त्याच डबीत आणखी दोन नाणी होती. एक भोकाचा पैसा. दुसरे तांब्याच्या रंगाचे लांबट, चपटे पान. जहाजावर नोकरी करणाऱ्या भाच्याने ते अमेरिकेतल्या एका बंदरातून आणले होते.

खालाचा प्रश्न साधा होता, "बेटा, तू शिकलेली. यातल्या कशाला किती किंमत आहे, सांग."

त्या चपट्या नाण्यापासून सुरुवात करू. अमेरिकेत पर्यटनाच्या ठिकाणी हाताने फिरवायचे यंत्र असते. त्यात एक सेंटचे नाणे आणि वर थोडे पैसे टाकायचे. दोन पोलादी रुळांमधून ते दाबले जाते आणि त्यावर त्या जागेचे चित्र उमटते. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात असली नाणी विकली गेली. त्या काळची नाणी आज संग्राहक शोधत असतात. पण नव्यांना बाजारात जवळजवळ काहीच मोल नाही. १९८२ पासून अमेरिकन सेंट बहुतांशी जस्ताचा आहे, तांब्याचा केवळ मुलामा. दाबल्यावर तो विरळ होतो आणि आतले पांढरे जस्त रेघांनी डोकावते. नाणे म्हणून ते चालत नाही आणि धातू म्हणूनही त्याचे काही येत नाही. उरते ती एवढीच गोष्ट की दूर देशी गेलेल्या मुलाला आपली खाला आठवली.

वाचक भगिनींनो, मुलांना मात्र बजावून ठेवा, हा खेळ आपल्या नाण्यांशी करायचा नाही. २०११ च्या नाणे कायद्यानुसार आपल्याकडे चलनातले नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे.

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. युद्धात धातूची टंचाई होती, म्हणून सरकारने मधला धातूच वाचवला. ही नाणी एवढी निघाली की आजही स्वस्तात मिळतात.

आता हमेल. शेजारी केरळात तीस वर्षे गलाईचे काम करून परतलेले एक वृद्ध कारागीर राहतात. ते काटा घेऊन आले. त्यांनी एकेक रुपया फरशीवर वाजवला, साल पाहिले आणि दोन ढीग केले. सात एकीकडे, दोन दुसरीकडे.

"मावशी, हे सात बंदे रुपये. हे दोन १९४४ चे. दिसायला भाऊभाऊ, पण टंच निम्मा."

त्यांचे म्हणणे अगदी खरे. १९३९ पर्यंतच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. आपल्या भाषेतले 'रुपयाभार' हे माप त्यावरूनच आले. त्यात शंभरात सुमारे ९२ भाग चांदी असे, म्हणजे १०.६९ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा झाला. खालाच्या नऊ रुपयांत मिळून साडेशहाऐंशी ग्रॅमच्या आसपास चांदी निघाली. कडीच्या डाकाचा तोटा वेगळा.

शेजारच्या मुलाने मोबाइल पुढे केला. राणीछाप रुपयाला लाखो मिळतात, आधी नोंदणीचे पैसे भरा, असा त्यात मजकूर होता. हा सापळा आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि आपल्या नावाने शुल्क घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही.

काही रुपये खरोखर दुर्मीळ असतात. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगावरील पदकातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. मुसलमानांत नाराजी पसरली. सरकारने बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ च्या नाण्यावर हत्तीची सोंड नीट काढली. म्हणून १९११ चा रुपया जास्त भावाने जातो. तेव्हा मुशीत टाकण्याआधी साल जरूर पाहावे. पण कडी जोडलेले, घासूनपुसून चकचकीत केलेले नाणे संग्राहक सहसा घेत नाहीत. खालाच्या माळेत असे काही नव्हते.

घरातल्या अशा चांदीकडे आपण दागिना म्हणून पाहतो आणि हिशेबात धरायला विसरतो. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, सुमारे ६१२ ग्रॅम. हमेल एकटी तिथवर पोहोचत नाही, पण इतर चांदी, सोने, रोकड यांच्यासोबत जकातीचा विचार करताना तीही वजनाने पुढे यावी. बारकावे आपल्या आलिमांना विचारावेत.

खालाने नऊही रुपये विकायचे ठरवले. मला वाईट वाटले आणि मी बोलूनही दाखवले, "सासूची आठवण आहे ना?"

ती म्हणाली, "अगं, त्यांनी ती आठवणीसाठी ओवली नव्हती. दुष्काळात दोन रुपये त्यांनीच काढून विकले होते. अकरा होते आधी."

माळेत दोन ठिकाणी दोऱ्याची नुसतीच गाठ होती. ती मला तोवर दिसली नव्हती.

तेव्हापासून मला वाटते, प्रत्येक घरात ठेव आणि आठवण यांची डबी वेगळी असावी. ठेव वजनाची असावी, तिचा टंच घरच्या बायकांना ठाऊक असावा आणि मुलीच्या शिक्षणासारखे काम निघाले की ती मोडताना हात थरथरू नये. आठवण मात्र अशी असावी की अडचणीच्या दिवसांतही कोणी ती विकायला मागणार नाही. चपट्या सेंटला किंमत नाही, हीच त्याची खरी सोय आहे.

नातीची फी भरली गेली आहे. भोकाचा पैसा आणि ते चपटे पान खालाच्या डबीत आहेत.