सात वेढे

सोलापूरजवळच्या बोरामणीच्या माळावर दगडांचा प्राचीन चक्रव्यूह सापडल्याची बातमी २०२५ च्या डिसेंबरात वाचली. त्याला म्हणे १५ वेढे आहेत. बघायला जाणं काही जमलं नाही. पण इतिहासाच्या सरांनी सात वेढ्यांची आकृती फळ्यावर काढून दाखवली. आधी अधिकचं चिन्ह, त्याच्या चार बगलांत चार काटकोन, चार ठिपके. मग एकेक टोक कमानीसारखं जोडत जायचं. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात याच जातीची आकृती चक्रव्यूह म्हणून कोरलेली आहे. "पण हिच्यात फाटा एकही नाही," सर म्हणाले. मला खरं वाटेना. मग अभिमन्यू अडकला कसा?

शिमग्याला गावी गेलो. आबांनी रानातून वेचून बांधावर टाकलेले धोंडे होतेच. ते पडीक तुकड्यावर मांडले. जोडणी दोनदा चुकली.

आत शिरलं की वाट तिसऱ्या वेढ्यात नेते, मग दुसऱ्या, मग अगदी बाहेरच्या. पुढे चौथ्यातून एकदम सातव्यात! मध्य हाताशी येतो आणि वाट पुन्हा सहाव्यात, पाचव्यात लोटते. तिथं मला राग आला. सरळ दगड ओलांडून मध्यात जाऊन उभा राहिलो. काहीच वाटलं नाही. मुकाट्यानं दाराशी येऊन पहिल्यापासून चालू लागलो. वाट पाऊलभर, नजर हलली की ठेच. त्यामुळे डोक्यातला विचार मधूनमधून सुटायचा. विचार एकच होता. घरी 'पास झालो' एवढंच सांगितलं होतं.

"काय हुडकतुयास?" आबा बांधावर उभे होते. मी सांगितलं. देवळात काढाव्यात तशा त्यांनी वहाणा दाराशी काढल्या आणि माझ्यामागून आत आले. शेजारच्या दोन वेढ्यांत चालणारी माणसं समोरासमोर येतात, मध्ये नुसती दगडांची रांग. तसे आम्ही येत होतो.

"आबा, पैल्या वर्षाचं इंग्रजी ऱ्हायलंय माझं."

ते थांबले नाहीत. पुढच्या वळणावर पुन्हा समोर आले. "कितींदा बसलास?"

"दोनदा."

बराच वेळ नुसती पावलं वाजत राहिली.

"परत बसू देत्यात?"

"देत्यात."

मी मध्यात पोचलो. आबा अजून पाचव्यात होते. वाकून एक धोंडा हलवून बघत म्हणाले, "ह्यो नीट बसला न्हाई," आणि त्याच्या बुडाशी खडा सारू लागले.